दीडपट डोंगर

तिसऱ्या प्रोग्रॅमनंही डोंगर त्याच जागी खाली आणला. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाहेर वेलिंग्टनच्या मिरामार भागातल्या रस्त्यावर ऊन होतं, नेहमीचा वारा कचऱ्याचे डबे ढकलत होता, आणि पडद्यावर मॅकीच्या ओढ्याच्या डाव्या अंगाचा उतार, पायाखालची सतरंजी ओढावी तसा, सरकला आणि बरोबर तिथे येऊन थांबला जिथे आमचं स्वयंपाकघर आहे. स्वयंपाकघर पडद्यावर नव्हतं. विमानातून मोजलेल्या जमिनीवरून झाडं, घरं, तारांचे खांब, गाई, सगळं आधीच पुसून टाकलेलं असतं. उरते ती नुसती जमीन, नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखी. पण मला जागा माहीत आहे. ओढा जिथे कोपरासारखा वाकतो त्याच्या आतल्या बाजूला थोडी सपाटी आहे. त्या सपाटीवर एक कोळशाची शेगडी, शेगडीवरच्या फळीवर घड्याळ, समोर टेबल, आणि त्या टेबलाशी माझा बाप.

सिनेमासाठी जमिनी बनवणं हे माझं काम. सतरा वर्षं झाली. दिग्दर्शकाला दरी हवी असते, बर्फाचा सुळका हवा असतो, कोणी कधी पाहिलं नाही असं वाळवंट हवं असतं. ते आम्ही इथे बसून करतो आणि लोक अंधारात बसून खरं मानतात. पुढचा सिनेमा तीन वर्षं चालणार आहे, आणि ती तीन वर्षं कोणत्या प्रोग्रॅममध्ये जमीन करायची ते ठरवण्यासाठी तिघांची तुलना करून अहवाल द्यायचा, आज गुरुवारी चार वाजेपर्यंत. तिघांना नावं सेफानं ठेवली. सेफा माझ्या शेजारच्या टेबलाशी बसतो, सामोअन आहे, रविवारी चर्चमध्ये गातो आणि उरलेले सहा दिवस लोकांना नावं ठेवतो. पहिला प्रोग्रॅम ‘आजोबा’: जुना, हळू, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही. दुसरा ‘नवरी’: दिसायला सुंदर, विचारलं तर फणकारते. तिसरा ‘पाथरवट’: तुकडे तुकडे जोडत जायचे, डोकं दुखतं, पण दगड दगडासारखा होतो. तिघांनाही एकच जमीन द्यायची, वर हजार वर्षांचा पाऊस पाडायचा आणि कोण कशी झीज करतो ते बघायचं. जमीन मी आमचीच निवडली. ज्या जमिनीवर आपण लहानपणी पडून गुडघे फोडले आहेत तिथेच प्रोग्रॅमचा खोटेपणा पकडता येतो, असं मी सोमवारच्या बैठकीत म्हणाले होते, आणि आमच्या साहेब ब्रॉनिनबाई म्हणाल्या होत्या, वा.

आजोबांनी मंगळवारी डोंगर खाली आणला तेव्हा मी हसले. नवरीनं बुधवारी आणला तेव्हा मी हसले नाही, उठून पाणी प्यायले. ही चित्रं काढणारी यंत्रं आहेत. त्यांना मातीचा चिकटपणा कळत नाही, मुळं कळत नाहीत, खाली कोण राहतं ते कळत नाही. उतार किती आणि पाणी किती एवढंच त्यांना कळतं, आणि त्यावरून ती सुंदर घळी काढतात. तिघांना लिहिणारी माणसं वेगवेगळी, वेगवेगळ्या देशांतली. तिघांची झीज करायची रीत वेगळी. म्हणूनच तर तुलना. वेग: आजोबा एक्केचाळीस मिनिटं, नवरी सहा, पाथरवट तेवीस. रूप: नवरी. पाण्याची वाट: तिघांचीही

तिघांचीही सारखीच. मी ते वाक्य तिथेच सोडलं आणि पाथरवटाला मागे नेऊन पुन्हा हळू चालवलं. डोंगर सरकण्याआधी एक गोष्ट होते. ओढ्याची निळी रेघ, जी वरपासून खालपर्यंत अखंड असते, ती कोपराच्या वर अरुंद खिंडीत तुटते. खालची रेघ फिकी होते, पुसली जाते. वर पाणी साठतं, एक निळा डोळा उघडतो, मोठा होतो. खाली काही क्षण सगळं कोरडं, शांत. मग डोंगर. मी आजोबांचं उघडून पाहिलं. तिथेही रेघ आधी पुसली जात होती. नवरीतही. आणि माझ्या हाताला, इथे, तिसऱ्या मजल्यावर, चांगल्या खुर्चीत बसून, स्कोनच्या, आईच्या त्या छोट्या पावांच्या, ओल्या पिठाचा वास आला.

मी आठ वर्षांची होते. जूनमधला मंगळवार, आमच्या वेस्ट कोस्टवर पाच दिवस पाऊस. आमच्या घरात पावसाळी दिवशी ओरडून बोलावं लागायचं, कारण ओढा भिंतीपलीकडे दिवसभर दगड लोळवत असायचा. जन्मापासून तो आवाज कानात, त्यामुळे तो आवाज म्हणजेच शांतता. त्या दिवशी दुपारी आई पीठ मळत होती आणि तिला शेगडीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. एवढंच झालं. पत्र्यावर पाऊस तसाच होता, पण त्याच्या खाली काहीच नव्हतं. तिनं मांजर उशीच्या अभ्र्यात कोंबलं आणि ती थेट शाळेत आली. वर्गाच्या दारात उभी, हातांना पीठ, अभ्र्यात मांजर ओरडतंय, आणि आमच्या शिक्षिका रोबाई खडू धरून बघतायत. आई म्हणाली, “ओढा गप्प झालाय. मुलांना वर घेऊन चला.” आणि तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की बाई खडू हातात तसाच घेऊन निघाल्या. सव्वीस माणसं वरच्या सपाटीवरच्या हॉलमध्ये बाकांवर बसली. एक वाजला, दोन वाजले, कोणीतरी चहा केला, कोणाचं तरी बाळ रडलं. काही झालं नाही. सव्वापाचला ओढ्याचा आवाज परत आला, जरा जाड, जरा गढूळ, चार लाकडं वाहून आली, आणि लोक घरी गेले. वर खिंडीत जाऊन कोणी पाहिलं नाही. कोणीच नाही. हे मला आज, एकतीस वर्षांनी, पाथरवटाच्या पडद्यावर त्या निळ्या डोळ्याकडे बघताना पहिल्यांदा जाणवलं: एवढी हसली माणसं, पण बघायला एकही वर गेला नाही.

हसणं मात्र वर्षभर पुरलं. दुकानात, चर्चमध्ये, पबमध्ये, बाबा दिसला की. “काय रे टलक, बायको काय म्हणते, उद्या कपडे वाळत घालू का?” “टलक, माझी गाय गप्प आहे आज. हॉल उघडू का?” बाबा रस्त्याचं यंत्र चालवायचा, दरड पडली की बाजूला करायची, हेच त्याचं काम, दरडीला त्याच्या घरातलं माणूस भ्यालं हे त्या लोकांना फार गोड लागलं. बाबा चिडला असता तर बरं झालं असतं. तो त्यांच्याबरोबर हसायचा. आई त्यानंतर पावसाबद्दल कधी बोलली नाही. पाऊस सुरू झाला की ती रेडिओ मोठा करायची. चार वर्षांनी ती नेल्सनला मावशीकडे गेली ती गेलीच, आणि आता तिथल्याच दफनभूमीत आहे, जिथे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस ऊन असतं.

सव्वाबाराला मी जिन्यात जाऊन बाबाला फोन लावला. त्या दरीत मोबाइल चालत नाही. भिंतीवरचा जुना फोन आहे, लांब वेटोळ्यांच्या वायरीचा. त्यानं उचलला आणि त्याच्याआधी मला ओढा ऐकू आला, भरलेला, गडगडणारा. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर कशासाठी फोन केला तेच आठवेना.

“बाबा, पाऊस कसा आहे?”

“ओला आहे.”

“बातम्यांत मोठा सांगतायत. तीन दिवस झाले म्हणे.”

“तुम्हा वेलिंग्टनवाल्यांना दव पडलं तरी बातमी. मी पावसाचा मापक दोनदा रिकामा केला, झालं. व्हाइटबेट मासळीची धिरडी घालतोय, येतेस का?”

“ओढा?”

“बडबडतोय, तुझ्या मावशीसारखा. ऐकू येत नाही का?” त्यानं रिसीव्हर खिडकीकडे धरला असावा, कारण गडगडाट वाढला आणि मग कमी झाला. “का गं?”

“मी आपला डोंगर घेतला होता इथे. कामासाठी.”

“सिनेमात? मग हीरो कोण? वेळ आहे मला.”

“बाबा, तो खाली येतो. तिन्ही प्रोग्रॅममध्ये. घरावर.”

तव्यावर काहीतरी चरचरत होतं. त्यानं ते उलटलं असावं. “घर दिसतं त्यात?”

“नाही. घरं काढून टाकलेली असतात.”

“मग कशावर पडतो?” तो हसला. मी हसले नाही तेव्हा तो म्हणाला, “नायरी, एकोणीस वर्षं मी त्या डोंगराच्या पायाशी यंत्र फिरवलंय. त्याला खोकला आला तरी मला कळतो. तुझी ती खेळणी राक्षसांच्या सिनेमासाठी आहेत ना?”

“हो.”

“मग?”

“आजचा दिवस वर हॉलमध्ये जाऊन बस. माझ्यासाठी.”

“आणि लोकांना काय सांगू? टलकच्या घरातली दुसरी बाईपण पावसाला भ्याली?” तो हे रागानं म्हणाला नाही. जुना, वापरून गुळगुळीत झालेला विनोद होता तो, हात लागला म्हणून उचलला. पण जिन्यात एकटी असूनही माझा चेहरा लाल झाला, आणि मी आठ वर्षांची होऊन वर्गाच्या दाराकडे, पिठाच्या हातांकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते, ही माझी आई नाही. “राहू दे,” मी म्हणाले. “चित्रच आहे.”

असं म्हणाले मी. चित्रच आहे.

परत येऊन बसले. अहवालाच्या कोऱ्या जागेत कर्सर लुकलुकत होता. पाण्याची वाट: तिघांचीही. एकाएकी, कॉफीचा कप तोंडाला लावताना, मला दीड आठवला, आणि मी इतकी मोठ्यानं ‘हात्तिच्या’ म्हणाले की पलीकडच्या रांगेतलं कोणीतरी वळलं. आमच्या धंद्यात खरी जमीन कधी खरी वापरत नाहीत. खरा डोंगर पडद्यावर बसका दिसतो, पाव फुगला नाही असा. म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षांची पद्धत: जमिनींच्या लायब्ररीतून कोणतीही जमीन उघडली की उंची आपोआप दीडपट होते. इतकी सवयीची गोष्ट की त्याच्याकडे कोणी बघतही नाही, चष्म्याच्या काचेकडे बघत नाहीत तसं. म्हणजे तिन्ही वेळा मी दीडपट डोंगरावर पाऊस पाडला होता! दीडपट चढ, दीडपट जोर. तो घसरणार नाही तर काय करणार? मी दीड काढून एक केला, तिघांनाही पुन्हा लावलं आणि वाट बघत बसले. नवरी आधी संपली: ओढा वरून खाली अखंड, कोपरात वळला, गेला. पाथरवट: उताराला चार सुरकुत्या, बस. आजोबांनी दोन वाजून दहा मिनिटांनी, धापा टाकत, एक सभ्य, हिरवी होऊ शकेल अशी दरी दिली. माझे खांदे खाली आले. मला कळलंही नव्हतं की ते मंगळवारपासून वर होते.

आणि तरीही मी बाबाला फोन केला नाही. काय सांगणार? माझंच चुकलं, तू बरोबर होतास, हस. हसला असता तो. रविवारच्या फोनमध्ये सांगेन असं ठरवलं. सेफानं अर्धं सँडविच माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “काय गं, सकाळपासून कोणाच्या मयताला जाऊन आल्यासारखी बसलीयेस. नवरीनं छळलं?”

“सगळ्यांनीच.”

“मी सांगतो, आजोबांना घे. म्हातारा माणूस, घराला शोभतो.”

“तू एक्केचाळीस मिनिटं वाट बघशील?”

“मी माझ्या सासऱ्याची गोष्ट संपायची वाट बघतो दर रविवारी. एक्केचाळीस मिनिटं म्हणजे काय!”

मी लिहीत सुटले. पाण्याची वाट: तिघांचीही विश्वासार्ह. कडे: पाथरवट सरस. रंग: नवरी. अहवाल छान होत होता. पडताळणीसाठी, असं मी लिहिलं, लेखिकेला प्रत्यक्ष परिचित असलेली जमीन निवडली, तिच्या सर्वोच्च बिंदूची उंची. इथे आकडा हवा होता. मी पाथरवटाच्या पडद्यावर माऊस डोंगराच्या टोकावर नेला. कोपऱ्यात आकडा उमटला आणि मी तो टाइप केला. चारशे आठ मीटर.

पुढच्या वाक्यावर गेले. मग बोटं थांबली.

त्या टोकावर मोजणीवाल्यांचा लाकडी तिकोना आहे, पांढरा-काळा रंगवलेला. बाबा मला एकदा तिथे घेऊन गेला होता, निम्म्या वाटेवर खांद्यावर बसवून, आणि तिकोन्यावरच्या पत्र्यावर कोरलेला उंचीचा आकडा त्यानं मला बोटानं गिरवायला लावला होता: सहा, एक, दोन. घरी आल्यावर त्यानं शेडच्या कुलपाचा आकडा तोच ठेवला, म्हणजे मी विसरणार नाही. मी कुठे विसरते. माझ्या बॅगेच्या कुलपाचाही तोच आहे, सायकलच्या साखळीचाही. सहाशे बारा. पडद्यावर चारशे आठ. चारशे आठची दीडपट किती होते ते मी मनात केलं, कागदावर केलं, आणि मग शहाण्या बाईसारखं यंत्रावरही केलं.

“सेफा,” मी म्हणाले. माझा आवाज अगदी साधा होता. “कोस्टची जमीन लायब्ररीत कोणी टाकली?”

“मीच. का?”

“टाकताना उंचीचं काय केलंस?”

“दीडनं भागली ना. खऱ्या जमिनी सगळ्या भागून ठेवतो मी. तुम्ही लोक उघडल्या उघडल्या डोंगर आभाळात घुसवता. मग निदान जिथे खरं हवंय तिथे उघडलं की दीडपट होऊन आपोआप खरं होतं.” तो सँडविच चावत होता. “तुला सांगितलं होतं. ख्रिसमसच्या आधी, केक कापताना. तू म्हणालीस, हुशार आहेस. नायरी? अगं, काय झालं?”

मंगळवारचा डोंगर खरा होता. बुधवारचा खरा होता. आज सकाळचा, निळ्या डोळ्याचा, खरा होता. दुपारी मी बापाचा डोंगर एकतृतीयांश कापून ठेवला होता, आणि त्या कापलेल्या, बसक्या, निरुपद्रवी उताराकडे बघून माझे खांदे खाली आले होते. भिंतीवर तीन चाळीस झाले होते. मी जिन्यात गेले नाही. तिथेच उभी राहून फोन लावला. वाजला. वाजला. घरापासून हॉलपर्यंत चढाची वाट सहा मिनिटांची, त्याच्या आताच्या गुडघ्यांनी नऊ. सहाव्यांदा वाजला. नवव्यांदा त्यानं उचलला.

“आता काय? दुसरा भाग काढताय का?”

मी ऐकत होते. पत्र्यावर पाऊस होता, सपासप, दुपारपेक्षा जास्त. त्याची खुर्ची करकरली. तो नाकातून श्वास घेतो तो आवाज. आणि शेगडीवरचं घड्याळ. टिक, टिक. मला घड्याळ ऐकू येत होतं.

“बाबा, पाऊस कमी झाला का?”

“छे. वाढलाय. पण बरं वाटतंय आता. सकाळपासून डोकं उठलं होतं, मघाशी जरा डुलकी लागली. अगदी शांत...”

तो थांबला. टिक, टिक. सेफा माझ्यासमोर उभा होता, सँडविच हातात तसंच. मी वाट बघितली, कारण हे त्याला मी सांगून उपयोग नव्हता, त्याचं त्यालाच ऐकू यायला हवं होतं. आणि त्या वाट बघण्यात किती ठोके गेले ते मला माहीत आहे. अकरा.

“नायरी,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला पब, दुकान, सगळी माणसं निघून गेली होती. “त्या दिवशी तुझी आई. किती वेळ थांबली गं ती, हे ऐकल्यावर?”

“थांबली नाही, बाबा. पीठ हाताला तसंच होतं.”

“हं.”

“गमबूट घाल. बाकी काही घेऊ नकोस. रस्त्यानं नको, शेडच्या मागून वर जा.”

“हं,” तो पुन्हा म्हणाला. आणि मग, घसा साफ करून, “फोन ठेवत नाही मी.” रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा टक आवाज झाला. खुर्ची मागे सरकली. पावलं, एक जड, एक हलकं, त्याच्या डाव्या गुडघ्याचं. दाराशी बराच वेळ. तो बूट घालताना भिंतीला टेकतो. दार उघडलं, पाऊस आत आला, दार लागलं.

मग टेबलावरचा फोन आणि मी. रिकामं स्वयंपाकघर माझ्या कानाशी होतं, त्यात तवा, धिरड्याचं ताट, घड्याळ. मी ठोके मोजत होते, साठ झाले की एक बोट मिटत होते. एक मिनिट: शेड. दोन: कुंपण, तिथे पाय घसरतो. तीन. सेफानं विचारलं, “कोणाला फोन करू? कोणाला सांगू?” मी त्याला हातानंच गप्प केलं. पडद्यावर अहवाल उघडा होता आणि कर्सर चारशे आठच्या पुढे लुकलुकत होता, घड्याळाच्या जरा मागे, जरा पुढे. चार मिनिटं. अजून पाच हवी होती. मी पाचवं बोट मिटायला घेतलं आणि घड्याळ ऐकू येईनासं झालं.